दुष्काळात आधी काय लांबते, लग्न की पाळणा?

प्रश्न : पूर्णाकाठ (परभणी)

मी परभणी जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गेल्या काही काळात कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावातील माणसे सतत शाळेत येत आहेत. त्यामुळे जुनी दाखल-खारीज रजिस्टरे कपाटातून बाहेर निघाली, आणि कुणाच्या आजोबांचे, कुणाच्या चुलत पणजोबांचे नाव शोधून देता देता मीही ती पाने वाचू लागलो. त्यात एक गोष्ट मनात घर करून बसली. जन्मसाल १९७३ असलेली मुले आगेमागच्या वर्षांच्या मानाने लगेच लक्षात यावे इतकी कमी आहेत आणि १९७५ ची पाने मात्र गच्च भरलेली आहेत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी ऐकतच आमची पिढी वाढली. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, परदेशातून आलेला लाल मिलो, लेकरांना वाटलेली सुकडी हे सगळे वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते आपणच पाहिले असावे असे वाटते. पण त्या वर्षी गावात पाळणेही कमी हलले असतील, हा विचार रजिस्टर पाहीपर्यंत मनात आला नव्हता.

दुसरी गोष्ट घरातली आहे. माझ्या आजीचे लग्न १९४८ च्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धामधुमीत झाले. तिचे वय तेव्हा बारा-तेरा असावे. लग्न दोन वर्षांनी करायचे ठरलेले होते. परंतु गावे ओस पडू लागली, माणसे बायकामुलांना घेऊन सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात जाऊ लागली, तेव्हा वयात येणारी मुलगी बरोबर घेऊन रानोमाळ हिंडण्यापेक्षा तिच्या वडिलांनी एका नातलगाच्या मळ्यात, वाजंत्री न लावता, दहा माणसांत तिचे हात पिवळे केले. म्हणजे एका संकटाने लग्न दोन वर्षे अलीकडे ओढले आणि दुसऱ्याने जन्म पुढे ढकलले.

राजकीय उलथापालथ झाली किंवा आर्थिक ओढगस्त आली की जन्म कमी होतात, असे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे आहे? कमी झालेले जन्म पुढे भरून निघतात का? आणि आज आमच्या गावात तिशी ओलांडलेली, शेती करणारी कितीतरी मुले बिनलग्नाची आहेत, तेही याच साखळीत बसते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : जुना सांख्यिक (नांदेड)

गुरुजी, प्रश्न मोलाचा आहे. पण रजिस्टरावर भिस्त ठेवण्यापूर्वी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. मी सांख्यिकी शिकवण्यात उभे आयुष्य घालवले आणि माझी स्वतःची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे, कारण आमच्या पिढीतील कितीतरी मुलांची तारीख शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने मास्तरांनीच ठरवली. साल कसे ठरत असे, तेही आठवा. मुलाचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावून पाहायचा. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचे समजून पहिलीत घ्यायचे आणि त्यावरून जन्मसाल मागे मोजायचे. आता दुष्काळात जन्मलेले, दुधाविना वाढ खुंटलेले मूल डोळ्यांसमोर आणा. त्याचा हात कानापर्यंत एक-दोन वर्षे उशिरा पोहोचणार, ते उशिरा शाळेत येणार, आणि १९७३ चे मूल रजिस्टरात १९७४ किंवा १९७५ चे म्हणून बसणार. शिवाय जी मुले जन्माला येऊन पहिली-दुसरीचे तोंड पाहण्याआधीच गेली, ती या पानांवर मुळीच नाहीत. तेव्हा तुम्हाला दिसलेला खड्डा खरा असला तरी तो आहे त्याहून खोल दिसत असण्याची आणि पुढचा उंचवटा आहे त्याहून उंच दिसत असण्याची शक्यता धरून चाला.

एवढे बजावून सांगतो की तुमचा मूळ तर्क बरोबर आहे. उपासमारीनंतर साधारण नऊ महिन्यांनी जन्म घटतात आणि अन्न मिळू लागल्यावर वर्षा-दोन वर्षांत उसळी येते, हे अनेक देशांत नोंदले गेले आहे. चीनमध्ये १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात जन्म कोसळले आणि १९६२-६३ मध्ये जोराने वाढले. बांगलादेशातही १९७४ च्या दुष्काळानंतर १९७५ मध्ये जन्म असेच घटले. यामागे तीन गोष्टी एकत्र काम करतात. अर्धपोटी शरीराची पाळी अनियमित होते किंवा थांबते. नवरा कामासाठी दूर जातो. आणि लग्ने पुढच्या सुगीवर ढकलली जातात. आपल्याकडे १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसे होती. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाचा वाटा आपल्याकडे मोठा असणार, असे मला वाटते.

परंतु उपासमार नसतानाही हे घडते. पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये सुमारे २ लाख मुले जन्मली होती. बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला, आणि १९९४ मध्ये तिथे ८० हजारांपेक्षाही कमी मुले जन्माला आली. दर बाईमागे एक मूलही भरेना. तिथे कुणी उपाशी नव्हते. कारखाने बंद पडले, जन्मभराची हमी असलेली नोकरी गेली, लग्न केले की घर मिळण्याची जुनी रीत संपली, पाळणाघरांचे काय होणार ते कळेना. उद्या काय होईल याचा अंदाज बांधता येईना, तेव्हा लोकांनी मूल पुढे ढकलले. ज्या मुली तेव्हा विशीत होत्या त्यांना पुढे उशिरा का होईना मुले झाली. तिशी ओलांडलेल्या कित्येक बायकांच्या बाबतीत मात्र पुढे ढकललेले ते कायमचे राहून गेले. ‘भरून निघते का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच बाईच्या वयावर अवलंबून असते.

सत्ता स्वतः घरात शिरते तेव्हा आकडे याहून विचित्र वागतात. रोमानियात १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आली आणि दुसऱ्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले. डिसेंबर १९८९ मध्ये तिथली साम्यवादी राजवट कोसळताच बंदी उठली आणि जन्मदर घसरला. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यामुळे ते अंमलात आले नाही. पुढच्याच वर्षी शस्त्रक्रियांची संख्या १० लाखांच्या आत आली. त्या धसक्याचा परिणाम आजही संपलेला नाही, कारण तेव्हापासून पुरुषाच्या शस्त्रक्रियेचे नाव काढायला कुणी धजत नाही आणि सगळा भार बायकांवर पडला आहे. माझ्या मते त्या २१ महिन्यांची ही सर्वांत लांब चाललेली किंमत आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते.

तुमच्या आजीच्या लग्नाविषयी एक धागा देतो. आफ्रिका आणि भारत यांची तुलना करणारे एक संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दुष्काळ पडला की आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत मुलींची लग्ने लवकर होतात आणि भारतात ती लांबतात, असे त्यात दिसले. कारण साधे आहे. तिकडे मुलीच्या बापाला वराकडून गुरेढोरे किंवा पैसा मिळतो, म्हणून अडचणीत लग्न ही मिळकत ठरते. इकडे हुंडा आणि जेवणावळी बापाच्या डोक्यावर, म्हणून अडचणीत लग्न परवडत नाही. संकट घरात शिरते ते पैशाच्या वाटेने, आणि लग्नात पैसा कुणाकडून कुणाकडे जातो यावर पुढचे सारे ठरते. मात्र हे आपल्या ऊसतोडीच्या पट्ट्याला लागू पडते का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. बीडकडच्या कुणी लिहिल्यास बरे होईल.

उत्तर : बालाघाट (बीड)

सर, तुमची शंका रास्त आहे. मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून अठरा वर्षे काम करते आणि आमच्या डोंगरपट्ट्यात दुष्काळ पडला की लग्ने लांबत नाहीत, ती अलीकडे येतात.

ऊसतोडीचा हिशेब माणशी नसतो, कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती जोडीला. एकट्या मुलाला अर्धा कोयता म्हणतात आणि उचलही त्याच मापाने मिळते. पाऊस गेला, कापूस हाती लागला नाही, सावकाराचे देणे थकले की ज्या घरातून एरवी कुणी तोडीला जात नसे तेही उचल घेते, आणि घरात वीस वर्षांचा मुलगा असेल तर त्याचा कोयता पुरा करण्यासाठी दिवाळीच्या आत सून आणली जाते. मुलीच्या बापाचीही अडचण खोटी नसते. आई-बाप सहा महिने कारखान्यावर जाणार, तर पंधरा वर्षांची मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हातारी आजी असते, ती शेळ्यांमागे जाते. शाळा दहावीपर्यंत, पुढचे कॉलेज तालुक्याला, एसटी दिवसातून दोनदा. बाप म्हणतो, उरकून टाकलेले बरे. गुरुजींच्या पणजोबांनी १९४८ मध्ये जो विचार केला तोच हा विचार आहे. फरक इतकाच की त्यांच्या दारात रझाकारांची भीती होती आणि इथे मुकादमाची उचल आहे.

कोविडच्या वर्षी हे फार जवळून पाहिले. शाळा बंद होत्या, लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, म्हणजे गावजेवणाचा खर्च आपोआप वाचला. जी लग्ने दोन-तीन वर्षांनी व्हायची ती त्याच उन्हाळ्यात घराच्या ओट्यावर लागली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास, परभणीत ४८ टक्के आणि आमच्या बीडमध्ये जवळपास ४४ टक्के आले. त्याच पाहणीत राज्याचा जन्मदर मात्र बाईमागे १.७ मुलांवर उतरलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जन्मदर इतका उतरला त्या अर्थी मुली शिकल्या, लग्ने उशिरा होऊ लागली, घरे स्थिरावली. आमच्या पट्ट्यात तसे नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत पहिले बाळंतपण, दोन किंवा तीन लेकरे, आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन. जन्म कमी झाले, पण त्यासाठी बाईचे आयुष्य पाच-सहा वर्षांत आवळून टाकले गेले.

पुढचे लिहायला हात जड होतो. पाळीत किंवा दुखण्यात खाडा पडला की पैसे कापले जातात, कोपीत, म्हणजे तोडीवरच्या तात्पुरत्या झोपडीत, पाण्याची आणि आडोशाची सोय नसते, अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये याची चौकशी झाली; ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी बायका चाळिशीच्याही आत होत्या. आर्थिक ओढगस्तीचा जन्मदरावर काय परिणाम होतो, याचे उत्तर शोधताना ही नोंदवहीसुद्धा उघडावी लागेल.

मागच्या हंगामानंतर एक मुलगी नाव नोंदवायला उपकेंद्रात आली. मी वय विचारले. ती सासूकडे पाहू लागली. सासू म्हणाली, ‘एकोणीस लिहा.’ आधार कार्डावर सोळा वर्षे आठ महिने होते. पाचवा महिना चालू होता आणि दोन्ही तळहातांना पाचटाने चिरलेल्या रेघा होत्या. मी कार्डावरचे वय लिहिले, तर सासू दुसऱ्या दिवशी एकटीच येऊन माझ्यासमोर रडली की आता मुलावर केस होईल. तिला रागावणे मला जमले नाही. तिचे स्वतःचे लग्न चौदाव्या वर्षी झाले होते.

उत्तर : तेरणाकाठ (धाराशिव)

ताईंचे लिहिणे वाचून बराच वेळ थांबलो. मी किल्लारीच्या पट्ट्यातला आहे. आर्थिक उलथापालथीविषयी मला फारसे सांगता येणार नाही, पण एका रात्रीत उलथलेल्या घरांचे पुढे काय होते ते पाहिले आहे, आणि या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते, माणसे दमून झोपली होती, आणि दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर आल्या. माझ्या मामीची दोन्ही लेकरे त्या रात्री गेली. तिचे ऑपरेशन त्याआधी दोन वर्षे झालेले होते. दोन मुलगे आहेत, संसार आटोपशीर आहे, म्हणून सरकारी शिबिरात जाऊन तिने ते आनंदाने करून घेतले होते. आमच्या गावात अशा कितीजणी होत्या ते मी मोजले नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना बायका एकमेकींना हळू आवाजात हेच विचारत असत की नळ्या पुन्हा जोडता येतात का. मामीने ती शस्त्रक्रिया करून घेतली. तिला पुन्हा मूल झाले नाही. पुढे तिने दिराची मुलगी सांभाळली, तीच आज तिचे सगळे पाहते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू सरकारने मुले गमावलेल्या बायकांना ही शस्त्रक्रिया मोफत देऊ केल्याचे वाचले, तेव्हा मला ते पत्र्याचे शेड आठवले.

विधवा आणि विधुर झालेल्यांची लग्ने मात्र त्या वेळी आश्चर्य वाटावे इतक्या लवकर झाली. एरवी ज्या घरांत विधवेच्या लग्नाचा विषय काढणेही शक्य नव्हते, तिथे वर्षाच्या आत सासऱ्यानेच पुढाकार घेतल्याची उदाहरणे मी पाहिली. त्यांतल्या काही लग्नांमागे माया होती आणि काहींमागे मदतीच्या रकमेचा व नव्या घराच्या मालकीचा हिशेब होता. पण चूल पेटायला, लेकराला न्हाऊ-माखू घालायला कुणीतरी हवे, ही गरज सर्वांचीच होती. जन्मांचा आकडा कमी झाला की वाढला एवढेच पाहिले, तर हे काहीच दिसणार नाही.

उत्तर : दुधनाकाठ (जालना)

गुरुजींच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडेसे लिहितो, कारण तो माझ्याच घरातला प्रश्न आहे. माझा धाकटा भाऊ तेहतीस वर्षांचा आहे, साडेचार एकर शेती आहे, मोसंबीची बाग होती ती पाण्याविना गेली. सात ठिकाणी पाहणे झाले. सगळीकडे एकच प्रश्न येतो : पुण्यात नोकरी आहे का? मुलीकडच्यांना मी दोष देत नाही. माझीच बहीण शेतकऱ्याला द्यायची नाही असे आम्ही घरात ठरवले होते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या मुलांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा पुष्कळजण हसले. आमच्या घरात कुणाला हसू आले नाही. आमच्या भागातील तरुण आरक्षणासाठी इतक्या जिवाच्या आकांताने का उभे राहिले, हे समजून घ्यायचे असेल तर नोकरी आणि लग्न या दोन गोष्टी त्यांच्या मनात आता एकच झाल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे लागेल.

अनेकजण याचे कारण मुलींची घटलेली संख्या असे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. पण २०११ मध्ये सहा वर्षांच्या आत असलेली ती पिढी आता कुठे लग्नाच्या वयात येत आहे. आज तिशीत असलेल्या माझ्या भावाची अडचण मुख्यतः शेतीच्या उत्पन्नाची आहे. मुलींच्या टंचाईची खरी झळ त्याच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असलेल्यांना लागेल, आणि त्या दबावाखाली ताई सांगतात तशी सोळा वर्षांच्या मुलींची लग्ने आणखी वाढतील, अशी मला भीती वाटते.

पूर्णाकाठ (परभणी) यांची पुढील नोंद

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी हात कानाला लावण्याची गोष्ट लिहिल्यावर मी रजिस्टर बाजूला ठेवले आणि दोन रविवार गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे गेलो. पहिल्या दिवशी जन्मसाल विचारले तर कुणालाच सांगता येईना. मग ‘लग्न कोणत्या सुगीला झाले, पहिले लेकरू कोणाच्या लग्नात कडेवर होते, ऑपरेशन कोणत्या शिबिरात झाले’ असे विचारू लागलो, तेव्हा बायका भराभर बोलू लागल्या. आता वहीत प्रत्येकीच्या नावाऐवजी क्रमांक घालून लग्न, पहिले मूल, शेवटचे मूल आणि ऑपरेशन अशी चार वर्षे लिहीत आहे. ताईंच्या सांगण्यावरून शेवटचा रकाना घातला. तो मला सुचला नसता.

अकरा बायकांशी बोलून झाले आहे. त्यांतल्या चौघींच्या दोन लेकरांत बहात्तरच्या आसपास चार-साडेचार वर्षांचे अंतर पडलेले आहे. एकीचा नवरा तेव्हा पैठणला जायकवाडीच्या कामावर होता आणि दीड वर्षात दोनदाच घरी आला. दुसरीला मी अंतराचे कारण विचारले तेव्हा तिने आधी सुनेला पाणी आणायला आत पाठवले आणि मग सांगितले की मधे एक होते, पाचव्या महिन्यात खडीवरच गेले. मुकादमाने त्या दिवसाची हजेरी लावली होती, हेही तिने आवर्जून सांगितले. तिच्या ओळीत हे कोणत्या रकान्यात लिहावे ते मला कळले नाही, म्हणून वहीत पाचवा रकाना आखला आहे.